जहाजावर न पाठवायची बातमी

३ फेब्रुवारी

प्रिय रंगाऱ्या,

तुझं पत्र मिळालं. डेकवरचा गंज खरवडून हात सोलपटले, आणि त्याच हातांनी पुन्हा रंग लावायचा, अशी तक्रार आहे तुझी. वाचून बरं वाटलं. घरात एक खिडकी रंगवायला सांगितली तर कंबर धरून बसायचास!

इथे सगळं ठीक आहे. आई ठणठणीत आहेत आणि त्यामुळे माझं कुठे काय चुकतं ते मला रोज कळतं. भिंगरीचा पुढचा दात पडला. त्या फटीतून ती शिट्टी वाजवते, आणि शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतलं. मी गंभीर चेहरा करून ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन तिच्याकडून शिकून घेतली.

माझंही ठीक आहे. तांबी काढून टाकली, एवढंच. तू गेल्यापासून अंगावरून जायचं थांबतच नव्हतं. कारखान्यात खुर्चीवरून उठताना आधी मागे वळून खुर्चीकडे बघायची सवय लागली होती. आता गोळ्या सुरू केल्या आहेत. शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण घेते त्याच, औषधाच्या दुकानातून आणल्या. डॉक्टरबाईंकडे जायचा कंटाळा येतो. त्या रक्तदाब मोजतात, आकडा बघतात, आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहतात.

तू म्हणशील, नवरा समुद्रावर आणि ही गोळ्या कुणासाठी खाते? अरे, तू कधी सांगून येतोस का? जहाज मध्येच जवळच्या बंदराला लागतं, दारावर थाप पडते, तू दोन रात्री राहतोस आणि जातोस. त्या दोन रात्रींसाठी वर्षभर तयारीत राहावं लागतं मला. भिंगरीच्या वेळी मला झटके आले ते मला आठवत नाहीत, तुला आठवतात. पुन्हा दिवस गेले तर माझ्या जिवाची हमी देणार नाही, हे डॉक्टरबाईंनी तुलाच बाजूला घेऊन सांगितलं होतं. म्हणून तर तू मागच्या सुट्टीत स्वतःचं ऑपरेशन करून घ्यायला गेलास. नेमके त्या दिवशी सर्जन रजेवर, हे आपलं नशीब. जूनमध्ये येशील तेव्हा ते काम आधी उरकू.

डोकं अधूनमधून दुखतं. विशेष काही नाही.

तुझी

ता.क. अक्षर जरा वाकडं आलंय. टेबलाचा पाय हलतो.


२० फेब्रुवारी

प्रिय रंगाऱ्या,

रविवारी फोनवर नीट बोलता आलं नाही. तुमच्या त्या बोळकांडीतल्या फोनपाशी तुझ्यामागे दहा जण रांग लावून उभे, मग तू "हो, हो, बरं, ठेवू का?" याच्यापलीकडे काय बोलणार? त्या सगळ्यांना मी ओळखायला लागले आहे. कोण खोकतो, कोण घाई करतो. तुमचा तो स्वयंपाकी मागून भांडं वाजवतो ना?

कारखान्यात जरा गडबड झाली. काळजीसारखं काही नाही. माझं काम तुला ठाऊकच आहे. रंगाचा घाणा तयार झाला की पत्र्याच्या पट्टीवर ओढून वाळवायचा, मूळ नमुन्याशेजारी धरायचा, दिव्याखाली आणि मग खिडकीपाशी उजेडात. यंत्र आकडे देतं, पण घाणा डब्यात भरायचा की नाही हे मी सांगते. तू पहिल्यांदा आलास ते आठवतंय? जहाजावरच्या रंगाची खपली रुमालात बांधून आणली होतीस, आणि "अगदी असाच हवा" म्हणून काउंटरवर हटून बसला होतास. रंग जुळल्यावरही पुढचे चार दिवस येतच राहिलास.

तर या आठवड्यात मी एक घाणा पास केला तो चुकीचा निघाला. एका इस्पितळाच्या भिंतींचा फिकट हिरवा होता. अर्ध्या भिंतींवर चढल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की त्यात पिवळट झाक आहे. साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तुम्ही पाहिला होता ना?"

चष्म्याचा नंबर बदलला असेल. बघते दाखवून.

आईंनी तुला सांगायला सांगितलंय की सगळं छान चाललंय. तेच सांगते.

तुझी

ता.क. या वेळी पेन खराब आहे.


९ मार्च

हे पत्र रंगाऱ्याला नाही, नवऱ्याला आहे. एकटा असशील तेव्हा वाच. कामावर चढायच्या आधी वाचू नकोस.

आईंचा नियम मी आज मोडते आहे. जहाजावर वाईट बातमी पाठवायची नाही, हे मला या घरात आल्याबरोबर सांगितलं होतं. भावाच्या मरणाचं पत्र खिशात ठेवून तुझे बाबा दोरखंडाच्या कामावर गेले आणि त्यांचा पंजा दोरात सापडला, ही गोष्ट आईंनी मला इतक्यांदा सांगितली आहे की तो पंजा मला पाहिल्यासारखा वाटतो. म्हणून मी तुला इतके दिवस टेबलाच्या पायाच्या आणि पेनच्या गोष्टी लिहिल्या. टेबल हलत नाही. पेन चांगलं आहे.

गोळ्या सुरू केल्यानंतर काही दिवसांनी डोळ्यांसमोर दिवे नाचायला लागले. नजरेच्या कडेला काहीतरी वाकडंतिकडं चमकतं, थरथरतं, पसरत जातं, आणि मग समोरच्या माणसाचं अर्धं तोंड दिसतच नाही. थोड्या वेळाने ते जातं आणि डोकं फुटायला येतं. तो हिरवा घाणा मी अशाच वेळी पास केला. दिसत नाही असं म्हणायची लाज वाटली. रंग बघणारीने दिसत नाही म्हणायचं म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय.

परवा साहेबांनी माझ्यासमोर तीन डबे ठेवून विचारलं, "यातला कोणता?" मला ठाऊक होतं. मधला, हिरवा. मी तोंड उघडलं आणि हिरवा हा शब्दच आला नाही. रे, तो शब्द माझ्या डोक्यात नव्हताच! मी काहीतरी भलतंच बोलले. मैत्रीण आधी हसली, तिला वाटलं मी थट्टा करते आहे. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं. उजवा हात बधिर झाला होता, पट्टी खाली पडलेली मला कळली नाही. माझं कधी कशाने तोंड बंद झालंय का? त्या दिवशी झालं, आणि मला इतकी भीती वाटली की भिंगरीचं नाव मी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. तेही गेलं तर?

मैत्रिणीने मला तशीच रिक्षात घालून डॉक्टरबाईंकडे नेलं. हात आणि बोलणं वाटेतच परत आलं. मेंदूचा फोटो काढला, त्यात गुठळी नाही. पण डॉक्टरबाई गोळ्यांचं पाकीट बघून खुर्चीतून उठल्याच. म्हणाल्या, "या आजपासून बंद. डोळ्यांपुढे असे दिवे येणाऱ्या बाईने या जातीची गोळी घ्यायचीच नसते, त्यात तुमचा रक्तदाब. मला विचारलं का नाहीत?"

मी काय सांगणार? तुम्ही माझ्याकडे फार वेळ बघता म्हणून?

मग त्यांनी मला एकेक पर्याय सांगितला. दुसऱ्या जातीची गोळी आहे, तिच्यात रक्ताची गुठळी करू शकणारा भाग नसतो, पण ती रोज ठरल्या वेळी घ्यायची. इंजेक्शन आहे. दंडात कातडीखाली बसवायची काडी आहे. काहींना त्याने पाळीचा घोळ होतो, पुन्हा अंगावरून जाऊ शकतं. मी म्हटलं, "माझंच ऑपरेशन करून टाका." त्या म्हणाल्या, "करता येईल, पण मागचं सगळं पाहता तुम्हाला विनाकारण भूल द्यायला मला आवडणार नाही. त्यापेक्षा यजमानांचं सोपं. जागा बधिर करतात, थोड्या वेळात काम होतं, त्याच दिवशी घरी."

मी म्हटलं, "ते आले होते हो. नेमके सर्जन रजेवर होते."

त्यांनी हातातलं पाकीट टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, "रजेवर कुणीच नव्हतं. त्यांचं नाव पुकारलं तेव्हा ते बाकावर नव्हते."

मला तिथे रडू आलं नाही. घरी येऊन भिंगरीच्या केसांना तेल लावताना आलं. ती म्हणाली, "आई, डोळ्यांत तेल गेलं का?"

उंच डोलकाठीवर दोराने लटकून रंग लावतोस तू. आणि त्या बाकावरून उठून पळालास! वर घरी येऊन मला रजेची गोष्ट सांगितलीस, आणि मी आईंसमोर तुझं कौतुक केलं की निदान गेला तरी. तू पळालास म्हणून ती तांबी राहिली, तांबी सोसली नाही म्हणून गोळ्या आल्या. सगळा दोष तुझा नाही, दुकानातून गोळ्या मीच आणल्या. पण निम्मा तुझा आहे आणि तो तू घे.

मी भांडायला लिहीत नाही. मला एवढंच पाहिजे की मी भिंगरीला वाढवायला शिल्लक राहावी. तू मध्येच दारावर थाप मारलीस तर मी दार उघडीन की नाही, मला खरंच माहीत नाही. उत्तर लिही. थट्टा नको.

मी


२३ मार्च

आजच्या फोनवर तू काय केलंस ते तुला कळलं का?

मी विचारलं, "पत्र मिळालं?" तू म्हणालास, "सगळी मिळाली! मस्त चाललंय ना तुमचं." मी विचारलं, "मग?" तर म्हणालास, "मग काय, जूनची वाट कशाला बघायची, मध्येच उगवतो की नाही बघ. दाराला कडी लावू नकोस." मागे कुणीतरी हसलं. तूही हसलास.

मी फोन ठेवून दिला. लाइन गेली नव्हती. मीच ठेवला.

इतकं लिहून पाठवलं, आणि तुला दाराची कडी सुचते? मी त्या पत्रातला शब्द न् शब्द जपून लिहिला होता. मध्येच हाताला मुंग्या आल्या तर थांबत होते आणि पुन्हा लिहीत होते. तुला लाज वाटत असेल, भीती वाटत असेल, समजू शकते. पण हसू कसं आलं रे?

नवीन गोळी, ती दुसऱ्या जातीची, सुरू केली आहे. मधूनमधून डाग दिसतात. दिवे आले नाहीत. ही काही तुझ्यासाठी घेत नाही मी. माझ्यासाठी घेते आहे.

कडी लावली आहे. वरचीसुद्धा.


३० मार्च

थांब. हे पत्र वरच्या दोन पत्रांबरोबर एकाच पाकिटात येतंय. आधी ९ मार्चचं वाच, मग २३ चं, मग हे. मागच्या पत्रात जे बोलले त्यातलं हसण्याबद्दलचं परत घेते. बाकीचं तसंच आहे.

तुला ते पत्र मिळालंच नव्हतं.

आपली पत्रं कंपनीच्या ऑफिसात नेऊन द्यायचं काम आईंचं, हे तुलाही माहीत आहे. फिरायला जाताना त्या देऊन येतात. या आठवड्यात चादरी काढायला त्यांचं कपाट उघडलं तर चादरींच्या घडीत माझी दोन्ही पाकिटं. फोडलेली नव्हती. जशीच्या तशी.

मी ती हातात घेऊन स्वयंपाकघरात गेले. आई भाजी निवडत होत्या. माझ्या हातात काय आहे ते त्यांनी पाहिलं आणि निवडत राहिल्या.

"आई, ही इथे कशी?"

"तू लिहिताना रडत होतीस," त्या म्हणाल्या. "रडत लिहिलेलं पत्र मी जहाजावर पाठवत नाही."

मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. मी म्हटलं, "तुमच्या मुलाचा हात वाचवायला तुम्ही माझं तोंड बंद केलंत!" असं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्या म्हणाल्या, "हात गेला की परत येत नाही ग." मी म्हटलं, "आणि मी गेले तर? मी परत येणार आहे?"

मग सगळं सांगितलं. उभ्याउभ्याच. दिवे, डबे, न आलेला शब्द, डॉक्टरबाई, बाकावरून पळालेला त्यांचा मुलगा. पत्रात लिहिलं होतं त्याहून जास्तच सांगितलं. माझा चेहरा उतरलेला त्यांना दिसत होता म्हणे, पण त्यांना वाटलं होतं नवरा-बायकोचं काहीतरी रुसण्याफुगण्याचं असेल, आपोआप निवळेल.

आई निवडलेली भाजीच पुन्हा निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्यानंतर माझी दोन गेली. पोटातच. मी काही कळवलं नाही. ते सुट्टीवर आले तेव्हा विचारलं, वाळलीस का ग? मी म्हटलं, उन्हाळा आहे." हे तुला ठाऊक होतं का रे? मला नव्हतं. इतकी वर्षं एका घरात राहून नव्हतं.

त्यांनी भाजी तशीच टाकली, हात धुतले आणि मला म्हणाल्या, "आणखी काही लिहायचं असेल तर आत्ता लिही. ऑफिस बंद व्हायच्या आत मला पोचायचंय." मी हे लिहिते आहे आणि त्या दारात चपला घालून उभ्या आहेत. आणि म्हणतायत, "लवकर. आणि त्याला लिही, हे पत्र आईने स्वतः दिलंय."

तर हे पत्र तुझ्या आईने स्वतः दिलंय.


४ मे

प्रिय रंगाऱ्या,

घरात आता नवा नियम आहे. आधी वाईट बातम्या. तर त्या घे.

एक म्हणजे साहेबांनी मला रंगाच्या टेबलावरून उठवून काउंटरवर बसवलंय. डॉक्टरबाईंची चिठ्ठी मिळेपर्यंत. मला वाईट वाटतं, पण त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. नव्या गोळीचे डाग अजून येतात, त्याचा वैताग आहे. डोकं एकदा दुखलं, साधं, दिव्यांशिवाय. आणि तुझ्यावरचा राग पूर्ण गेलेला नाही. कालच्या फोनने बराच गेला, पण तळाशी आहे.

तुझं पत्र शनिवारी आलं. बाकाबद्दल लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. भिंगरीच्या वेळी मला आत झटके येत होते तेव्हा तू त्याच बाकावर बसला होतास, हे मला कसं कळणार होतं? तोच बाक, तोच औषधांचा वास, तशीच नर्स दारात येऊन नाव पुकारते, आणि तुझे पाय बाहेर चालायला लागले. रजेची गोष्ट तुला जिन्यात सुचली. रे वेड्या, हे तेव्हाच सांगितलं असतंस तर मी तुझ्याशेजारी येऊन बसले असते. तोंडात जीभ नव्हती का तुझ्या? तुलाही आईंचाच नियम लागला होता, फक्त उलटा. घरी वाईट सांगायचं नाही.

पत्रात तू लिहिलं होतंस की पुढचं बंदर मोठं आहे, तिथे दवाखाना आहे, जाईन. मी वाचून पत्र मिटवलं. जाईन हे मी आधी ऐकलं होतं.

म्हणून काल फोन आईंनी घेतला. फोनचा आवाज मोठा केला, आणि भिंगरीला बाहेर खेळायला पाठवलं. तुझ्या मागची रांग आम्हाला ऐकू येत होती. खोकणारा होता. भांडंही वाजलं.

आई म्हणाल्या, "गेलास का?"

तू म्हणालास, "आई, नंतर बोलू, इथे सगळे..."

"नंतर नाही. गेलास का?"

मागचा खोकणारा तेवढा ऐकू येत होता. मी तिथून उठणार होते. खरंच सांगते, माझा हात टेबलावर टेकला होता उठायला.

मग तू म्हणालास, "झालं."

"काय झालं? नीट सांग."

आणि तू सांगितलंस. त्या बोळकांडीत, त्या सगळ्यांसमोर, मोठ्याने. "ऑपरेशन झालं. नसबंदीचं. माझं. गुरुवारी." मागचं खोकणं थांबलं. भांडं थांबलं. मला माझा श्वास ऐकू येत होता. तरी मी विचारलंच, "खरं?" तुला लागलं असेल ते. पण मला विचारायलाच हवं होतं.

तेवढ्यात फोनवर दुसराच आवाज आला. "वहिनी, मी स्वयंपाकी. मी गेलो होतो बरोबर. झालं हो, माझ्यासमोर आत गेला आणि माझ्यासमोर बाहेर आला. सुई बघून एकदा चक्कर येऊन पडला, पण शुद्धीवर आल्यावर म्हणाला, चला, करा. पळाला नाही."

आई खुर्चीत बसल्या आणि इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग ते हसण्याचं राहिलं नाही. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. फोनवर कुणीतरी तुला विचारत होतं, "दुखतं का रे फार?" आणि तू त्याला समजावून सांगत होतास, मोठ्या जाणकारासारखा!

आता नीट ऐक. डॉक्टरबाई म्हणाल्या, लगेच खात्री धरायची नाही. तीन महिन्यांनी तपासणी करायची आणि ती स्वच्छ आली की मगच. तोवर माझी गोळी चालू राहील आणि येताना निरोध तू आणायचेस. दुकानात जाऊन तोंड उघडून मागायचे, खोकून नाही. तपासणीला आपण दोघं जाऊ. त्या बाकावर तू भिंतीकडच्या बाजूला बस, मी बाहेरच्या बाजूला बसेन. म्हणजे पळायचं झालं तर माझ्यावरून जावं लागेल.

भिंगरी रोज सकाळी माझ्यासमोर तिच्या रंगीत पेन्सिली धरते आणि मास्तरणीसारखी विचारते, "हा कोणता?" तिला कुणी काय सांगितलंय कोण जाणे. मी सांगते. आज तिने मुद्दाम अवघड काढली, हिरव्या आणि निळ्याच्या मधली. मी म्हटलं, "हा हिरवा. पण यात निळ्याचा थेंब जास्त पडलाय." ती म्हणाली, "बरोबर," आणि मला दोन पेन्सिली बक्षीस दिल्या.

वरची कडी काढली आहे. खालची तुझ्यासाठी आहे, थाप मार, मी उघडीन.

टाके दुखत असतील तर वजन उचलू नकोस. आणि उत्तर लिहिशील तेव्हा आधी कुठे आणि किती दुखतंय ते लिही. "मस्त चाललंय" असं लिहिलंस तर आई म्हणतात, पत्र न वाचताच परत पाठवीन.

तुझी